वाचकांचे प्रश्न : समुद्रतळाच्या गाळाचे वय

प्रश्न : मी सोलापूरच्या एका चादर कारखान्यात तीस वर्षे काम केले. जुनी चादर हाती आली की नक्षी आणि वीण पाहून ती साधारण कोणत्या दशकातली हे मला सांगता येते. खोल समुद्रातून काढलेल्या गाळाचे वय त्यातल्या सूक्ष्म जीवाश्मांवरून ठरवतात, असे वाचनात आले. कवचावर साल तर लिहिलेले नसते. मग लाखो वर्षांचा आकडा कसा सांगतात?
— एक निवृत्त कामगार, सोलापूर

उत्तर : आपली शंका रास्त आहे. कवच केवळ क्रम सांगते. वर्षांचा आकडा त्याला दुसरीकडून उसना घ्यावा लागतो. एखादी नक्षी केव्हा निघाली आणि केव्हा बंद पडली हे आपल्याला ठाऊक असते, त्याचप्रमाणे सूक्ष्मजीवांच्या प्रत्येक जातीची गाळातली पहिली आणि शेवटची हजेरी अभ्यासक नोंदवतात. फरक एवढाच की, बंद पडलेली नक्षी मागणी आल्यास पुन्हा मागावर चढू शकते, पण नामशेष झालेली जात परत येत नाही; त्या बाबतीत कवच चादरीपेक्षा अधिक भरवशाचे म्हणायला हवे.

उत्खननाच्या जहाजावर सुमारे साडेनऊ मीटर लांबीचा गाळाचा गाभा, म्हणजे नळीतून काढलेला गाळाचा लांब दंडगोल, वर येताच त्याच्या खालच्या टोकाचा चिमूटभर गाळ प्रथम सूक्ष्मदर्शकाकडे जातो. कॉकोलिथ, म्हणजे सूक्ष्म शैवालांच्या चुनखडीच्या चकत्या, पाहायच्या असतील तर दात कोरण्याच्या काडीवर मावेल एवढा गाळ काचेवर पसरला तरी पुरते. फोरामिनिफेरा या एकपेशीय जीवांची कवचे तुलनेने मोठी असल्यामुळे गाळ बारीक चाळणीवर धुऊन, वाळवून ती ओल्या कुंचल्याने एकेक वेचावी लागतात. ताऱ्याच्या आकाराचा डिस्कोअॅस्टर ब्रौवेरी हा सूक्ष्म शैवालाचा जीवाश्म दिसला, तर तो थर सुमारे १९.३ लाख वर्षांपेक्षा जुना. एमिलियानिया हक्सलेयी ही शैवालाचीच जात दिसली, तर सुमारे २.९ लाख वर्षांपेक्षा अलीकडचा. समजा, डिस्कोअॅस्टरची शेवटची हजेरी ४० मीटर खोलीवर लागली, तर तिथे हजार वर्षांत सरासरी दोन सेंटिमीटर गाळ साचला, हा हिशेबही लगेच मांडता येतो.

हे लाखांचे आकडे मुळात येतात ते गाळातील चुंबकीय कणांनी जपलेल्या पृथ्वीच्या उलटसुलट झालेल्या चुंबकीय दिशांवरून (अशी शेवटची पूर्ण उलटापालट सुमारे ७.८ लाख वर्षांपूर्वीची आहे), ज्वालामुखीच्या राखेच्या किरणोत्सर्गी कालमापनावरून आणि कवचांतील ऑक्सिजनच्या समस्थानिकांत उमटलेल्या हिमयुगांच्या आवर्तनांवरून. कार्बन-१४ येथे फारसा कामाचा नाही, कारण त्याची मजल सुमारे ५० हजार वर्षांपर्यंतच जाते. काही निवडक गाभ्यांत हा ताळा एकदा जमला की, पुढे इतर ठिकाणी नुसत्या कवचावरून वय वाचता येते.

मात्र एका ठिकाणचा ताळा सर्वत्र चालेलच असे नाही, आणि नवख्यांची फसगत बहुधा इथेच होते. ग्लोबिजेरिनॉइड्स रुबर या जातीचा गुलाबी प्रकार हिंदी आणि प्रशांत महासागरांतून सुमारे १.२ लाख वर्षांपूर्वी नाहीसा झाला, पण अटलांटिकमध्ये तो आजही जिवंत आहे. दुसरी अडचण सरमिसळीची आहे. २०१५ मध्ये अरबी समुद्राच्या लक्ष्मी खोऱ्यात केलेल्या उत्खननात ‘नटराज’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रचंड भूस्खलनाचा शेकडो मीटर जाडीचा थर लागला. अशा थरात जुन्या गाळातले जीवाश्म नव्यात मिसळलेले असतात. तिथे सर्वांत जुन्या नव्हे, तर सर्वांत अलीकडच्या जीवाश्मावर विश्वास ठेवावा लागतो, जसे जुन्या चादरीच्या तुकड्यांची गोधडी शेवटच्या तुकड्यापेक्षा जुनी असू शकत नाही. शिवाय साधारण चार-पाच किलोमीटरपेक्षा खोल समुद्रात चुनखडीची कवचे विरघळून जातात. तिथे रेडिओलेरिया किंवा डायटम या सूक्ष्मजीवांच्या सिलिकाच्या कवचांवर भिस्त ठेवावी लागते.

प्रश्न : आमच्या सोलापूरच्या काळ्या दगडात असे समुद्री जीवाश्म सापडतील का?
— एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : नाही. तो दगड, म्हणजे बेसाल्ट, जमिनीवर पसरलेल्या लाव्हापासून बनला आहे. परंतु त्याच दख्खनच्या ज्वालामुखी काळातला लाव्हा आंध्रातील राजमहेंद्रीपर्यंत आढळतो आणि तिथे लाव्हाच्या खालच्या व वरच्या थरांमध्ये सागरी गाळ सापडला आहे. डायनोसॉर नामशेष झाल्यानंतर, म्हणजे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या सीमेनंतर, लवकरच उदयाला आलेल्या तरंगत्या फोरामिनिफेरांची कवचे त्या गाळात आहेत. त्यामुळे गाळाच्या वरचा लाव्हा त्या विनाशानंतरचा आहे, हे तिथल्या कवचांवरूनच सांगता येते.