जी९६ दिसला की जी५० शोध

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) सीएनसी लेथवर, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणाऱ्या लेथवर लागलास, छान. बाकी हळूहळू येईल, पण फॅनक कंट्रोलवर (मशीन चालवणारा संगणक) प्रोग्रॅममध्ये जी९६ (कटिंग स्पीड कायम ठेवणारा कोड) दिसला की आधी जी५० (आरपीएमला कमाल मर्यादा घालणारा कोड) शोध. कटिंग स्पीड मिनिटाला २०० मीटर धरलास तर ५० मिमी व्यासावर चक (जॉब जबड्यांत पकडून फिरवणारा भाग) साधारण १२७३ आरपीएमने फिरतो. फेसिंग करत (जॉबचं तोंड सपाट करत) टूल मध्याकडे १० मिमी व्यासावर आलं की तोच ६३६६ मागतो! जी५० ने मर्यादा घातली नसेल तर मशीन झेपेल तितकं पळतं, आणि त्या वेगात जबड्यांची पकड सैल पडते. माझा एक जॉब असाच उडून दारावर आदळला होता. (दोन दिवस चहा गोड लागला नाही.)

पहिला पीस सिंगल ब्लॉकवर (प्रोग्रॅमची एकेक ओळ थांबत), रॅपिड (न कापता टूल हलण्याचा वेग) २५ टक्क्यांवर. आणि एक्सचा (व्यासाच्या दिशेचा) ऑफसेट, म्हणजे टूलच्या मापातली दुरुस्ती, बहुधा व्यासात असतो: माप ०.१ जास्त आलं तर ०.१च वजा कर, निम्मं नाही.