"झालं का?" असं विचारू नकोस

तुझं पत्र मिळालं. आठ जणांची टीम हाताखाली आली आणि पहिल्याच महिन्यात तू मॅनेजमेंटचा कोर्स शोधायला लागलीस. कोर्स जरूर कर, पण पुढच्या वर्षी. आत्ता रोज तुझ्यासमोर जे घडतंय, त्याकडे आधी नीट बघ.

माझ्याकडे पहिल्यांदा पाच माणसं आली, तेव्हा मी रोज संध्याकाळी प्रत्येकाच्या टेबलापाशी जाऊन विचारायचो, "झालं का?" उत्तर ठरलेलं, "होत आलंय." त्या उत्तरावर मी तीन आठवडे निर्धास्त राहिलो. काम द्यायच्या चार दिवस आधी एकाला फाइल उघडायला लावली, तर निम्मंही झालेलं नव्हतं. मी सगळ्यांदेखत त्याच्यावर चिडलो. तो मान खाली घालून म्हणाला, "तिसऱ्या दिवशीच अडलो होतो सर, पण तुम्ही घाईत असायचात." ते वाक्य आठवलं की आजही वाईट वाटतं. अडलोय असं सांगायला मी त्याला जागाच ठेवली नव्हती. तेव्हापासून मी "कुठवर आलंय, दाखव" म्हणतो आणि खुर्ची ओढून शेजारी बसतो. निघायच्या तयारीत उभ्या असलेल्या माणसाला कुणी अडचण सांगत नाही गं.

त्याच कामात आणखी एक चूक केली. उशीर भरून काढायला तीन माणसं मागून घेतली, आणि काम आणखीच लांबलं. जुने पाच जण नव्यांना समजावण्यातच अडकले. पाच जणांत एकमेकांशी बोलणाऱ्या जोड्या १० होतात, आठ जणांत थेट २८! आयबीएममध्ये १९६० च्या दशकात ऑपरेटिंग सिस्टिमचं अवाढव्य काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ साली हेच लिहिलं होतं: रखडलेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर माणसं वाढवली की ते आणखी रखडतं. त्यांनाही ते स्वतःच्याच कामातून उमगलं होतं.

पण नुसती वर्षं गेली म्हणून कुणी शिकत नाही. निकाल लागला की आपण सगळेच "मला वाटलंच होतं" म्हणतो, आणि आधी खरंच काय वाटलं होतं ते विसरून जातो. म्हणून एक वही कर. व्यवस्थापनावर लिहिणारे पीटर ड्रकर यांची ही पद्धत: महत्त्वाचा निर्णय घेताना त्यातून काय होईल असं वाटतं ते लिहायचं, आणि ९ ते १२ महिन्यांनी ताडून बघायचं. मी छोट्या कामांसाठी महिन्याभरानेच बघतो. कुणाला काय दिलं, किती दिवस धरले, कुठे अडेल असं वाटलं, एवढ्या चार ओळी पुरतात. माझ्या वहीने मला दाखवलं, की तपासणीला मी दरवेळी निम्मेच दिवस धरतो, आणि अवघड काम बोलक्या माणसांनाच देतो. गप्प बसणाऱ्या दोघी वर्षभर तेच ते काम करत राहिल्या होत्या. वही नसती तर माझ्या ते लक्षातही आलं नसतं.

आता तुझ्या त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांविषयी. ते मीटिंगमध्ये तुला तोडून बोलतात, हे वाचून मलाही लागलं. मीटिंगमध्ये उत्तर देऊ नकोस. त्यांना एकटं गाठ आणि विचार, "हे काम तुमच्याकडे असतं तर सुरुवात कुठून केली असती?" मग मधे न बोलता ऐकून घे. मात्र जाण्याआधी, ते काय म्हणतील असं तुला वाटतं, ते वहीच्या पहिल्या पानावर लिही. बोलणं झालं की दोन्ही मला कळव.