कच्चं लिंबू

प्रिय ताई,
माझी मुलगी साडेदहा वर्षांची आहे. तीन वर्षं फुटबॉल खेळते. अकरा वर्षांखालच्या संघात ती सगळ्यांत पुढे आहे, पण तिथे तिची जरा मस्तीच चालते. पास द्यायचा सोडून तिघीतिघींना चकवायला जाते आणि चेंडू घालवून बसते. आता कोच म्हणतात, इथे हिचा कस लागत नाही, पुढच्या हंगामात तेरा वर्षांखालच्या संघात घेऊ. मोठ्या मुलींबरोबर दोन सराव सामने खेळवून पाहिले. तिने एकदाही चेंडू गमावला नाही, कोचनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. माझे यजमान म्हणतात, एवढ्या थोराड मुलींत पोर हातपाय मोडून घेईल. मला वाटतं, चालून आलेली संधी का सोडायची? सचिन नाही का सोळाव्या वर्षी कसोटी खेळला? आमच्यात बरोबर कोण?
– मैदानाच्या कडेला उभी असलेली आई

तुमच्या यजमानांचं उत्तर बरोबर आहे, पण त्यामागचं कारण चुकलंय. तुमचं दोन्ही चुकलंय.

‘तिने एकदाही चेंडू गमावला नाही.’ हे वाक्य तुम्ही कौतुकाने लिहिलंत आणि पुढे निघून गेलात. मी तिथेच अडकले. जी मुलगी तिघींना चकवल्याशिवाय चेंडू सोडत नाही, ती अख्खे दोन सामने एकदाही चेंडू गमावत नाही, हे कसं झालं असेल? डोळ्यांसमोर आणून बघा. चेंडू पायाशी आला की निखारा पडल्यासारखा तिने तो शेजारणीकडे ढकलला. दिला आणि सुटली. जिथे झटापट, तिथून दोन पावलं लांब राहिली. बाई, तुमची लेक भर मैदानात लपली होती. आणि इतकं बेमालूम लपली की आईला आणि कोचला तो समंजसपणा वाटला.

वर त्याचं सगळ्यांसमोर कौतुक झालं. आता ती तेच करणार. मुलं टाळ्या कशाला पडल्या ते बरोबर लक्षात ठेवतात.

तुम्ही जिला ‘मस्ती’ म्हणता ना, तीच तिची शिकवणी आहे. अंगावर येणाऱ्या खेळाडूला कुठल्या बाजूने काढायचं, चेंडू पायापासून किती लांब जाऊ द्यायचा, कधी थांबायचं आणि कधी सुसाट सुटायचं, हे सांगून कोणालाच येत नाही. चेंडू घालवून, घालवून, पुन्हा घालवूनच येतं. आणि ते घालवण्याचं वय हेच. पंधराव्या वर्षी ही चैन कोणी करू देणार नाही.

सचिनचं उदाहरण मला दर दुसऱ्या पत्रात येतं, म्हणून जरा सविस्तर. १९८९ साली सोळाव्या वर्षी तो कसोटी खेळला, खरंच. पण त्याआधी १९८८ साली, पंधरावं पुरं व्हायच्या आत, शाळेच्या सामन्यात त्याने नाबाद ३२६ धावा काढल्या होत्या, विनोद कांबळीबरोबर ६६४ धावांची भागीदारी केली होती. म्हणजे बरोबरीच्या मुलांत पोट भरेपर्यंत फलंदाजी करून झाली होती. तुम्हाला त्यातलं फक्त सोळा आठवलं.

यजमानांची भीती अगदीच पोकळ नाही. मुलींची उंची सर्वसाधारणपणे बाराव्या वर्षाच्या आसपास सर्वांत झपाट्याने वाढते, त्या काळात वर्षाला आठेक सेंटिमीटरही. त्यामुळे तेरा वर्षांखालच्या संघात कोणी बाईएवढी दिसते, कोणी अजून पोर असते, आणि तुमची त्यातली सर्वांत पोर. पण ही हातपाय मोडण्याची भीती दोन वर्षांत लेक उंच झाली की आपोआप विरून जाईल. तोवर लपायची सवय हाडीमाशी खिळलेली असेल, तिचं प्लास्टर कुठे घालणार?

मी स्वतः मोठ्या भावंडांत खेळून वाढले. सगळ्यांत धाकटी, म्हणून कच्चं लिंबू. आउट झाले तरी आउट नाही, राज्य आलं तरी माझ्यावर नाही. तेव्हा त्या नावाचा फार राग यायचा. आता वाटतं, केवढी ती मोकळीक! मोठ्यांचा वेग, मोठ्यांच्या युक्त्या सगळं जवळून बघायला मिळायचं आणि माझ्या चुकीची किंमत कोणालाच मोजावी लागत नसे. मोठ्यांबरोबर खेळून मुलं तयार होतात असं लोक म्हणतात ते खोटं नाही, पण ती अशा खेळात तयार होतात. संघाच्या सामन्यात गुण मोजतात, कोपऱ्यात पालक कपाळाला हात लावतात, आणि धाकटीमुळे गोल झाला तर मोठ्या मुली तिच्याकडे कशा बघतात ते तिला पुढच्या सामन्यापर्यंत आठवतं. तिथे कच्च्या लिंबाची सोय नसते.

लेकीला काय हवंय ते तुम्ही लिहिलं नाहीत. ते मी तुमच्यावर धरत नाही, आणि आता विचारूही नका. मोठ्या मुलींच्या संघात येतेस का, याला साडेदहाव्या वर्षी नाही कोण म्हणेल? निर्णय तिच्या गळ्यात घालून मोकळं होऊ नका.

तेव्हा आज कोचना फोन करा आणि सांगा: पुढचा हंगामही ती अकरा वर्षांखालीच खेळेल. आठवड्यातून एकदा मोठ्या मुलींच्या सरावाला मात्र पाठवते, जिथे गोल मोजत नाहीत तिथे, कच्चं लिंबू म्हणून. आणि तिथे तिने चकवायला जाऊन चेंडू घालवला तर ओरडायचं नाही, ही अट. कोच कुरकुरतील. कुरकुरू देत. त्यांना पुढचा हंगाम जिंकायचाय, तुमच्या हातात तिची पुढची दहा वर्षं आहेत.

लेकीला सांगताना ‘तू अजून लहान आहेस’ असं म्हणू नका, आणि ‘तुला लागेल’ असं तर मुळीच नको. तुझी ती तिघींना चकवायची खोड मला बघायचीय, एवढं सांगा. हो, आणि ती खोड करताना चेंडू गेला की तुमचा चेहरा कसा होतो, तेही जरा सांभाळा. कडेला उभ्या आईचा चेहरा मैदानातून फार स्पष्ट दिसतो.

सरावाहून परतताना ‘गोल किती केलेस?’ विचारू नका. चेंडू कितीदा गेला ते विचारा. उत्तर ‘एकदाही नाही’ असं आलं तर मला पुन्हा पत्र लिहा.