पेन चालू आहे तोवर गप्प

प्रश्न : ताई, मी ३४ वर्षांची आहे, हिशेब विभागात नऊ वर्षं काम केलंय. गेल्या चार महिन्यांत तीन मुलाखती दिल्या आणि तिन्ही माझ्याच तोंडाने घालवल्या. परवाच्या मुलाखतीत विचारलं, “आत्ताची नोकरी का सोडताय?” मी म्हटलं, “तिथे पुढे बढतीची जागाच नाही.” इथवर ठीक होतं. पण समोरच्या बाई काही बोलल्या नाहीत, खाली कागदाकडे बघत राहिल्या. मग मी साहेबांचा तिरसट स्वभाव, रजेवरून झालेलं भांडण, माझी अर्धशिशी, सगळं ओकून मोकळी झाले. पुढच्या वेळी तोंडाला कुलूप लावून जाऊ का?

उत्तर : कुलूप नको. ‘हो’, ‘नाही’, ‘चालेल’ एवढंच बोलणारे उमेदवारही मी पाहिलेत. त्यांना बोलतं करता करता आमच्याच घशाला कोरड पडायची.

तुमच्या पत्रातलं ‘खाली कागदाकडे बघत राहिल्या’ हे मी दोनदा वाचलं. मनुष्यबळ विभागातली बावीस वर्षं त्या बाई म्हणजे मीच होते, म्हणून सांगते. त्या लिहीत असणार. बऱ्याच ठिकाणी सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न विचारतात, प्रत्येक उत्तराला गुण देतात आणि ते का दिले हेही दोन ओळींत खरडावं लागतं. तुम्ही थांबलात की आम्हाला लिहायला सवड मिळते. पाच-सात सेकंद. त्यात नाराजी वगैरे काही नसतं. कधी तर पेनच उमटत नसतं.

पण खुर्चीतल्या माणसाला ती शांतता खायला उठते, हेही खरं. रोजच्या गप्पांत एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण ०.२ सेकंद लागतात. २००९ साली दहा भाषांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच दिसलं. एवढ्याशा खंडाची सवय असलेल्या कानाला पाच सेकंद म्हणजे काहीतरी बिनसलंच! मग आपण डागडुजीला धावतो आणि असलेली भिंतही पाडून येतो. (मुद्दाम गप्प बसून समोरच्याला बोलतं करणारेही असतात. मला ती चाल कधीच आवडली नाही, पण तिच्यावरचा उपायही हाच.)

उपाय म्हणजे उत्तर कुठे संपवायचं ते घरूनच ठरवून जायचं. सुरुवात सगळेच पाठ करतात, शेवट कोणी करत नाही. ‘बढतीची जागा नाही’ हे तुमचं उत्तर चांगलंच होतं, फक्त त्याला शेवट नव्हता. ‘आणि इथे ऑडिटची जबाबदारी मिळेल, ती मला हवी आहे,’ असं काहीतरी, जे खरं असेल ते. मग तोंड मिटायचं. पेन चालू आहे तोवर गप्प. अगदीच राहवलं नाही तर ‘आणखी तपशील सांगू का?’ एवढंच विचारा.

‘एखादा अवघड प्रसंग सांगा’ म्हटलं की मात्र बोलक्या माणसाची खरी परीक्षा. नमनाला घडाभर तेल! कंपनी कशी वाढली, विभागात कोण कोण होतं, जुनं सॉफ्टवेअर कसं होतं... आणि ‘मी काय केलं’ हे येईपर्यंत आम्ही घड्याळाकडे बघायला लागलेलो. अर्ध्या तासात आठ प्रश्न म्हणजे विचारणं, ऐकणं, लिहिणं धरून एकेकाला चार मिनिटंही येत नाहीत. एका हुशार मुलाने पहिल्याच प्रश्नाला अकरा मिनिटं घेतली होती. शेवटचे तीन प्रश्न आम्ही अक्षरशः उरकले. त्याला सगळं येत होतं, पण न दिलेल्या उत्तरांना मी गुण कुठून देणार? असा प्रसंग फोनवर रेकॉर्ड करून ऐका. ‘मी’ कितव्या मिनिटाला येतो ते बघा, आणि त्याच्या आधीचं निम्मं कापा.

पगाराचा आकडा सांगितला की थांबायचं. ‘तसं थोडं कमी असलं तरी...’ म्हणत स्वतःचाच पगार कापणारी माणसं मी डोळ्यांदेखत पाहिली आहेत. आणि अर्धशिशीबद्दल कोणी विचारलं नव्हतं ना? मग तो विषय तुम्ही काढायचं कारण नव्हतं. कामाच्या वेळेत काही सवलत लागणार असेल तर नेमणूक पक्की झाल्यावर बोला, असं माझं मत.

हा शहाणपणा मला उपजत नव्हता. चोविसाव्या वर्षी दिलेली एक मुलाखत फार छान झाली होती. पॅनेलमधले एक गृहस्थ लिफ्टपर्यंत सोडायला आले. “आता थेट घरी का?” त्यांनी सहज विचारलं. “नाही,” मी म्हटलं, “अजून एक मुलाखत आहे. ती जास्त महत्त्वाची आहे.”

लिफ्ट यायला फार वेळ लागला.