बाईंना सांगू की नको?

"मॅडम, शाळेत सांगितलं तर त्याला एका कोपऱ्यात बसवतील. नाही सांगितलं आणि पडला तर?" सात वर्षांच्या मुलाच्या आईचा प्रश्न. (ओळख बदलली आहे.) मुलाला तीव्र हिमोफिलिया ए, म्हणजे रक्त गोठवणारा घटक, 'फॅक्टर VIII', एक टक्क्याहूनही कमी.

लपवण्याचं मूळ घरात होतं. सासूबाईंचं पालुपद, "तुझ्याकडूनच आलं." सदोष जनुक बहुधा आईकडूनच येतं, हे खरं, पण सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात आधी हा आजार कुणालाच नसतो. हे नवऱ्याला शेजारी बसवून समजावलं, तेव्हा ताई मोकळेपणी बोलू लागल्या.

शाळेत सांगायचंच, पण हातात कागद हवा. एकच पान, मराठीत. खरचटलं तर दाबून धरा. गुडघा-कोपरात मुंग्या येतात, आत गरम लागतंय असं तो म्हणाला तर सूज यायची वाट न बघता फोन करा. सांध्यात रक्तस्राव सुरू झाल्याचं मुलाला आधी कळतं. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको. पोहणं, चालणं चालेल, कबड्डी नको. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलिया नावानिशी आहे, पण पहिल्याच भेटीत कायदा काढू नये. समोरचे बिथरतात.

खरी कसोटी कॅज्युअल्टीत. रात्रपाळीचे डॉक्टर "सूज कुठंय?" म्हणून थांबवतात, नाहीतर स्नायूत इंजेक्शन देतात आणि तिथेच रक्त साचतं. म्हणून फाईलमध्ये फॅक्टरचा आणि इन्हिबिटरचा (बाहेरून दिलेला फॅक्टर निकामी करणाऱ्या शरीरातल्या प्रतिपिंडांचा) रिपोर्ट, वर रक्तविकारतज्ज्ञांचं सही-शिक्क्याचं पत्र. फॅक्टरचा डोस त्यांनीच लिहून द्यायचा, पण हिशेब आईबापांनाही यावा: वजन गुणिले वाढवायची टक्केवारी गुणिले 0.5. मूल 22 किलोचं. सांध्यासाठी 40 टक्के धरले तर 440 युनिट, म्हणजे 500 ची व्हायल पूर्ण द्यायची. डोक्याला मार असेल तर 100 टक्के, 1100 युनिट. इन्हिबिटर असेल तर हे गणित लागू नाही. बहुतेकांच्या पत्रावर वजन दोन वर्षांपूर्वीचं असतं, आणि मग डोस कमी पडतो.

ताईंचं वाक्य मात्र "जरा बघता का?"च्या पुढे जाईना. मग सरावासाठी नवऱ्याला डॉक्टर केलं, अडवायला सांगितलं. "याला हिमोफिलिया आहे, डोक्याला लागलंय. आधी फॅक्टर, मग स्कॅन. हे पत्र." आवाज न चढवता, न रडता हे जमेपर्यंत घोकून घेतलं. नंतर नवऱ्यालाही तेच म्हणायला लावलं. रात्री पोराला उचलून धावणारा बहुतेक वेळा तोच असतो.