एवढं शिकून ट्रेनरच व्हायचं का?

"मॅडम, पंचवीस वर्षं या देशात घासली ती काय मुलीनं जिममध्ये लोकांकडून उठाबशा काढून घ्यायला?"

न्यू जर्सीतल्या माझ्या ऑफिसात मुलीच्या करिअरबद्दल सल्ला घ्यायला आलेले बाबा खुर्चीत टेकता टेकताच हे बोलले. आई गप्प होत्या. मुलगी हुडीच्या दोरीला गाठ मारत होती, सोडत होती, पुन्हा मारत होती. तिला इथे सई म्हणते. नाव आणि ओळखीचे तपशील बदललेले आहेत.

सई कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. हायस्कूलमध्ये सॉकर खेळायची. तिथेच गुडघ्याचं लिगामेंट, म्हणजे एसीएल, फाटलं. ऑपरेशन झालं आणि पुढचं जवळपास वर्ष मैदानाबाहेर गेलं. त्या काळात रोज शाळा सुटल्यावर तिच्याकडून व्यायाम करून घेणाऱ्या आणि "आज पळायचं नाही" हे तिला ठणकावून सांगणाऱ्या बाई शाळेच्या ॲथलेटिक ट्रेनर होत्या. आता सईला तेच व्हायचं होतं. घरात मात्र सगळे ती डॉक्टर होणार असंच धरून चालले होते.

इथल्या मराठी घरांतून ही काळजी माझ्याकडे वेगवेगळ्या रूपांत येत राहते. मूल हुशार असतं, विज्ञानाची आवड असते, आणि एक दिवस ते अशा कामाचं नाव घेतं की गावाकडे फोनवर काय सांगायचं हेच आईबापांना कळत नाही.

पहिल्या भेटीत माझं चुकलं. मी कागद काढून सगळी वाट समजावत बसले. पर्सनल ट्रेनर वेगळा, ॲथलेटिक ट्रेनर वेगळा. दुसरा हा आरोग्यसेवेतला माणूस: दुखापत टाळणं, झाली तर जागेवर ओळखणं, पहिले उपचार करणं, नंतर पुनर्वसन, आणि हे सगळं डॉक्टरांच्या मार्गदर्शनाखाली. टेक्सासनं या कामासाठी परवान्याचा कायदा १९७१ मध्येच केला. आज कॅलिफोर्निया सोडलं तर प्रत्येक राज्यात या व्यवसायावर कायद्याचं नियमन आहे. बाबांनी मान डोलावली, पण ते ऐकत नव्हते. त्यांच्या डोळ्यांसमोर अजून डंबेल्सच होते.

त्यांचं लक्ष वेधलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. बाबा अमेरिकन फुटबॉल आवडीनं बघतात. मी विचारलं, २ जानेवारी २०२३ ची बिल्स आणि बेंगल्स या संघांची मॅच पाहिली होती का? पाहिली होती. बिल्सचा खेळाडू डामार हॅम्लिन याच्या छातीवर आघात झाला, तो उठून उभा राहिला आणि कोसळला. त्याचं हृदय थांबलं होतं. मैदानावर त्याला सीपीआर देणारे, म्हणजे छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवणारे, डेनी केलिंग्टन हे बिल्सचे असिस्टंट ॲथलेटिक ट्रेनर.

"ते डॉक्टर नव्हते?" बाबांनी विचारलं.

"नाही."

मग मी त्यांना एक काम दिलं. जवळच्या हायस्कूलमध्ये शुक्रवारी संध्याकाळी मॅच असते. तिथे जा, पण बॉलकडे बघू नका. साइडलाइनला बॅग घेऊन जे माणूस उभं असेल, फक्त त्याच्याकडे बघा.

पुढच्या भेटीत मी सईला एकटीला बोलावलं. मला वाटलं होतं ती बाबांबद्दल बोलेल. ती म्हणाली, "मावशी, बाबा मानतील गं कधीतरी. मला भीती दुसरीच आहे." आदल्या ऑगस्टमध्ये ती जुन्या शाळेत त्याच बाईंच्या हाताखाली मदतीला जात होती. रोज सराव सुरू व्हायच्या आधी मोठ्या टबमध्ये पाणी भरायचं, बर्फाच्या पिशव्या तयार ठेवायच्या. खेळताना कुणाला उष्माघात झाला, शरीराचं तापमान चाळीस अंश सेल्सिअसच्या वर गेलं, तर त्याला आधी त्या टबात बुडवून थंड करायचं आणि मगच ॲम्ब्युलन्सनं हलवायचं, हा तिथला नियम. मिनिटं मोलाची असतात, म्हणून उलटं करायचं नाही. त्या महिन्यात टबाची गरज एकदाही पडली नाही. पण सई रोज तो भरायची आणि मनात म्हणायची, आज पडली तर? मला सुचलंच नाही तर?

मी तिला "तू करशील गं" म्हटलं नाही. तसं म्हणणं सोपं असतं, आणि घाबरलेल्या माणसाला ते एकटं पाडतं. मी विचारलं, तो नियम तुझ्या बाईंनी त्या क्षणी शोधून काढला असता का? ती म्हणाली, नाही, भिंतीवर लिहिलेला होता, कुणी काय करायचं ते ठरलेलं होतं, मोसम सुरू होण्याआधी सगळ्यांनी मिळून तालीमही केली होती. ती स्वतःच बोलत गेली, मी ऐकत गेले. माझ्या मते जिला अशी भीती वाटते तिनं या कामात यावं. ज्याला कधीच वाटत नाही त्याची मला जास्त धास्ती वाटते.

शिवाय तिला उद्या कुणी मैदानावर एकटं सोडणार नव्हतं. पूर्वी ही पदवी बॅचलरची होती. २०२२ पासून बॅचलरच्या अभ्यासक्रमांना नवे विद्यार्थी घेणं बंद झालं. आता मान्यताप्राप्त मास्टर्स करावं लागतं, साधारण दोन वर्षांचं. त्यात प्रत्यक्ष काम सतत अनुभवी माणसाच्या नजरेखाली असतं, आणि किमान चार आठवडे तर पूर्ण वेळ तेच, व्यावसायिक माणूस करतो तसं. मग बोर्ड ऑफ सर्टिफिकेशनची, म्हणजे बीओसीची, परीक्षा. ती पास झाल्यावर राज्याचा परवाना. परवाना घेऊनही संपत नाही. दर दोन वर्षांनी शिक्षणाचे तास दाखवावे लागतात, सीपीआरचं प्रमाणपत्र चालू ठेवावं लागतं.

सईला सगळ्यात उपयोगी पडली ती एक साधी गोष्ट, आणि ती मी अशा प्रत्येक घराला सांगते. मास्टर्सच्या प्रवेशाला लागणारे विषय, म्हणजे जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, मानसशास्त्र, शरीररचना आणि शरीरक्रिया, हे बरेचसे फिजिकल थेरपी किंवा फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरांच्या जोडीनं रुग्ण तपासणारा माणूस, यांच्या वाटेवरही लागतात. म्हणजे यंदा हे विषय घेतले म्हणून कुठलंच दार बंद होत नाही. घरात भांडण "आजच ठरव" यावर चाललं होतं. आज ठरवायचं काही नव्हतंच.

तिसऱ्या भेटीला तिघं आले. या वेळी बाबांनी आवाज चढवला नाही.

"मी गेलो होतो," ते म्हणाले. "एका पोराला धडक बसली. उठला, चालला, मला तर ठीक वाटला. त्या ट्रेनर बाईंनी त्याला बाजूला घेतलं, डोळ्यांत बघितलं, काहीबाही विचारलं. मग त्याचं हेल्मेट काढून घेतलं. कोच आला, पोराला सोडा म्हणाला. नाही म्हणाल्या. थोड्या वेळानं परत आला. परत नाही. मॅच संपेपर्यंत बाई हेल्मेट काखेत धरून उभ्या होत्या."

हेल्मेटच हातात नसेल तर पोरगं डोळा चुकवून मैदानात शिरू शकत नाही. मेंदूला मार बसल्याचा संशय असला तर त्या दिवशी खेळायचं नाही, हा नियम कागदावर सगळीकडे असतो. तो पाळायला मात्र तिथे कुणीतरी उभं असावं लागतं.

तेव्हा आई पहिल्यांदा बोलल्या. "शुक्रवार रात्र, शनिवार, प्रवास... मग घर कधी?" हा प्रश्न खरा होता आणि मी तो गोड करून सांगितला नाही. संध्याकाळ आणि वीकएंड जातात. त्यामुळे अनेक जण काही वर्षांनी क्लिनिककडे वळतात. दवाखाने, सैन्यदल, कारखाने, नृत्यसंस्था इथेही या लोकांना काम असतं. पगार वर्षाला साठ हजार डॉलरच्या आसपास, फिजिकल थेरपिस्टला लाखाच्या आसपास. मास्टर्सचं कर्ज काढायचं तर हे आकडे समोर ठेवूनच काढायचं, स्वस्त सरकारी विद्यापीठ आधी बघायचं. सईनं वही उघडून हे सगळं लिहून घेतलं. तिच्या बाबांनी ते वाकून वाचलं आणि कर्जाच्या हप्त्याची बेरीज दुरुस्त केली.

सई आता मास्टर्सच्या पहिल्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात बाबांचा फोन आला.

"पगाराचं मला अजून पटलेलं नाही हं, मॅडम."

"नसू दे."

"सांगलीहून भावाचा फोन होता. पोरगी काय शिकतेय म्हणून विचारत होता. मी त्याला ती हेल्मेटची गोष्ट सांगितली."

"कळलं त्यांना?"

"सगळं नाही. पण म्हणाला, कोचला नाही म्हणाली? दोनदा?"