मी एकट्याने प्लास्टिक टाळून पर्यावरणात खरंच काही फरक पडतो का?

कापडी पिशवीने नदी साफ होत नाही, हे आधीच सांगून टाकते. ‘कारखाने आणि शहरं घाण सोडणार, मग मीच कशाला जीव काढू?’ असं तुम्ही विचारलंय. वैतागून विचारलं असेल, पण चुकीचं नाही.

मी कोल्हापुरात पंचगंगेच्या बाजूला राहते. शहराचं सांडपाणी आणणारा जयंती नाला काही माझी कापडी पिशवी बघून थांबत नाही. तो अडवून पाणी कसबा बावड्याच्या प्रक्रिया केंद्रात उपसावं लागतं, त्याची क्षमता दिवसाला ७६ दशलक्ष लिटर. पंचगंगेच्या प्रदूषणावरून काही नागरिक जनहित याचिका घेऊन उच्च न्यायालयात गेले. तीही चार-दोन माणसंच, पण त्यांच्या हातात पिशवी नव्हती, कागद होते.

तरी मी पिशवी नेते. २०१९ च्या पुरात आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. ओसरल्यावर नदीकाठच्या झाडांकडे बघितलं की पाणी कुठवर चढलं होतं ते कळायचं, कारण वरच्या फांद्यांना प्लास्टिक लोंबत होतं. घर धुताना उंबऱ्याच्या फटीतून काय निघालं, तर दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे. नखाएवढे. ते कुणी भंगारवाला उचलत नाही. तेव्हापासून मी कोपरा पूर्ण तोडत नाही, पिशवीलाच लोंबता ठेवते. यानं जग वाचत नाही, मला माहीत आहे.

पण शेणींचं, म्हणजे गोवऱ्यांचं सांगते. आमच्याकडं पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका मोफत अंत्यसंस्कार करते आणि त्याला शेणी लागतात. होळी लहान करून उरलेल्या शेणी तिथं द्यायच्या, ही पद्धत शहरात आता चांगली रुळलीय. आमच्या गल्लीत पहिल्या वर्षी तालमीच्या दोन पोरांनी हे काढलं, तेव्हा लोक हसले. ‘धूर कमी होईल’ म्हटल्यावर कुणी हललं नाही. मग शेजारच्या आजी दारात येऊन म्हणाल्या, “मेल्या माणसाच्या कामाला येत्यात व्हय? मग न्ह्या की!” आणि पाच शेणी दिल्या. त्यांनी दिल्या म्हटल्यावर समोरच्यांना द्याव्याच लागल्या. त्या वर्षी जेमतेम एक रिक्षा भरली. आता टेम्पो लागतो.

त्यामुळे ‘फरक पडतो का’ हे मी हल्ली विचारत नाही. मी करते ते शेजारणीला दिसतंय का आणि तिला पटेल असं काही त्यात आहे का, एवढं बघते. आजींना धुराचं सांगून उपयोग नव्हता.

घरात मात्र अजून हरतेय. सासूबाई रोज सकाळी कोपरा कापूनच टाकतात. मी तो केरातून उचलते आणि धुतलेल्या पिशवीत परत घालते. परवा त्यांनी ते बघितलं. काही बोलल्या नाहीत, कात्री तेवढी आत नेऊन ठेवली.